गंगव्वाचे सोमवार

दिवाळी अंकासाठी ‘काहीतरी रंगतदार’ लिहा असं संपादक म्हणाले, तेव्हा मी त्यांना आधी विचारून घेतलं, की माझा धंदा तुम्हाला ठाऊक आहे ना? माझा उभा जन्म लोकांनी आणलेल्या बाटल्यांची बुचं उघडण्यात गेला. त्या बाटल्यांत काय असायचं ते चकलीचा तुकडा तोंडात असताना कुणी वाचू नये. तेव्हा वाचकांनी आधी फराळ उरकून घ्यावा, हात धुवावेत आणि मगच पुढे जावं.

मी पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे नाडी न बघणारी, औषध न देणारी, सुई मात्र टोचणारी डॉक्टर. अशा बाईवर लोकांचा विश्वास बसायला वेळ लागतो. सोलापुरात शुक्रवार पेठेत भांड्यांच्या एका दुकानावर माझी तपासणीची जागा होती. खाली पितळेची ठोकाठोक, वर आमच्या काचेच्या नळ्यांची किणकिण. पाटीवर माझं नाव होतं, नावापुढे पदव्या होत्या, पण पेठेत माझी ओळख एकच: लघवीवाल्या बाई. टांगेवाल्याला पूर्ण नाव सांगितलं तर तो मान खाजवायचा. लघवीवाल्या बाई म्हटलं की थेट जिन्याशी आणून सोडायचा. आमचे हे बँकेत चांगल्या हुद्द्यावर होते, पण त्यांनाही लोक ‘लघवीवाल्या बाईंचे मिस्टर’ म्हणत. त्यांनी ते शेवटपर्यंत मनाला लावून घेतलं.

गिऱ्हाइकं एकेक भारी. माढ्याहून आलेल्या एका आजीबाई रक्त देऊन झाल्यावर बाकावर बसून राहिल्या. दिवेलागणीची वेळ झाली तरी उठेनात. “आजी, रिपोर्ट उद्या मिळेल,” म्हटलं, तर म्हणाल्या, “कागुद कोन मागतंय? तपासून झालं न्हवं? मग माजं रगत द्या की परत. परक्याच्या घरी कशाला ठिवायचं?” आता यावर कुठल्या पुस्तकात उत्तर आहे? उरलेलं रक्त मी बाटलीसकट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली, कमी भरल्याबद्दल माझ्याकडे एक नजर टाकली, आणि पदराच्या टोकाला बांधून त्या माढ्याच्या एसटीत बसल्या.

आमच्या शास्त्राचं एक गुपित सांगून ठेवते. त्याची मापं सगळी किराणा दुकानातली आहेत. शरीरातली गाठ मुगाएवढी असते, वाटाण्याएवढी असते, लिंबाएवढी असते, आणि रोग्याचं नशीब फारच फुटकं असेल तर नारळाएवढी. इंग्रजी पुस्तकांतही हेच, फक्त तिथे अक्रोड आणि संत्री. शिकत असताना मला वाटायचं, हे मोठमोठे डॉक्टर उपाशीपोटी पुस्तकं लिहीत असावेत. हे आत्ताच सांगितलं, कारण पुढची हकिगत एका धान्याच्या दुकानातली आहे.

त्र्याहत्तरची दिवाळी नुकती होऊन गेली होती. दुष्काळ सरला होता, पण दुकानांतून अमेरिकेहून आलेली ती लाल मिलो ज्वारी अजून पुरती हटली नव्हती. माझ्याकडे मल्लिनाथ नावाचा तरुण आला. आमच्याच पेठेत त्याचं ज्वारी-डाळीचं दुकान होतं. वडील वारलेले, धंदा तोच बघायचा. घर लिंगायत, घरात कानडी, दुकानात मराठी. पंचविशीचा, अंगानं काटकुळा, नाकाला कायम रुमाल, आणि बोलणं असं की समोरचा हसल्याशिवाय राहायचा नाही. त्याच्या दुकानातल्या हमालाचं ऑपरेशन होतं आणि रक्त द्यायला मालक स्वतः आला होता.

रक्ताचा गट आम्ही दोन बाजूंनी विचारतो. सोयरीक ठरवताना कसं, मुलाची चौकशी एकदा त्याच्या नातेवाइकांकडे करायची आणि एकदा त्याच्या शेजाऱ्यांकडे. दोघांनी एकच सांगितलं तर खरं मानायचं. तसंच आधी रक्तातल्या तांबड्या पेशी तपासायच्या, मग पेशी काढून उरलेलं पिवळट पाणी तपासायचं. त्या पाण्यात परक्या गटाच्या पेशींशी भांडणारे पदार्थ तान्हेपणापासून असतात. मल्लिनाथच्या पेशी म्हणाल्या, गट ओ. ओ गटवाल्याचं पाणी महाभांडकुदळ असतं. याचं पाणी मात्र कुणाशीच भांडेना. असं शांत पाणी एबी गटाचं असतं, म्हणजे पाण्यावरून गट एबी निघत होता.

माझा तंत्रज्ञ नरसय्या. विणकरांच्या घरातला, वयानं माझ्याहून मोठा, घरी तेलुगू आणि माझ्याकडे त्याची स्वतःची मराठी. मी त्याला म्हटलं, “नळ्यांची अदलाबदल केलीस.”

“मी केलो न्हाय मॅडम. तुमची बाटली बिघडली आसल. सोलापूरच्या उन्हात औषध काय, माणूसबी बिघडतो.”

हा टोमणा कुणाला होता ते मला कळलं. आम्ही पुन्हा रक्त घेतलं, नवी बाटली फोडली, पुन्हा तपासलं. पुन्हा तेच. मग मी मल्लिनाथला समोर बसवलं आणि लहानपणापासूनची दुखणी विचारली. तो बोटांवर मोजायला लागला. सर्दी बारमाही. न्यूमोनिया किती वेळा, ते तोही विसरला होता. कान फुटलेले. पोट बिघडलेलं. मी त्याला तोंड उघडायला लावलं. टॉन्सिल जवळजवळ दिसेचनात.

“टॉन्सिल काढलेत का?”

“न्हाय बाई. मला वाटलं सगळ्यांच्या घशात असाच रिकामा माळा असतोय.”

गंमत म्हणून त्याची विडाल केली. विडाल म्हणजे टायफॉइडची रक्ततपासणी. आमच्या सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेला टायफॉइडची लस टोचून घेतलेली, नळाचं पाणी प्यायलेली सगळी जनता. प्रत्येकाच्या विडालमध्ये थोडंतरी काही दिसायचंच. माझ्या स्वतःच्या दिसायचं. मल्लिनाथनं दर वर्षी यात्रेत दंडावर सुई घेतलेली, आणि त्याची विडाल कोरी करकरीत. जणू माणूस कालच आभाळातून स्टेशनवर उतरला होता.

शेवटी त्याच्या रक्तातली प्रथिनं विजेच्या प्रवाहानं कागदाच्या पट्टीवर पळवली. ती आपापल्या वेगानं पळतात आणि पट्टी रंगवली की जिथे थांबली तिथे पट्टे दिसतात. शेवटचा पट्टा गामा ग्लोब्युलिनचा. रोगजंतूंशी लढणारं सगळं सैन्य त्या पट्ट्यात. मल्लिनाथच्या पट्टीचं ते टोक पांढरं होतं.

त्या वेळी असं माणूस जिवंत, आणि तेही पंचविशीचं, माझ्यासमोर बसलंय यावर माझाच विश्वास बसेना. हा दोष जन्मजात. पुस्तकात याचं एक रूप दिलं होतं: होतो मुलग्यांना, पण येतो आईकडून. आई ठणठणीत असते, तिला पत्ताही नसतो. मी घरच्यांची चौकशी केली. मल्लिनाथचा थोरला भाऊ सहा वर्षांचा असताना छातीच्या दुखण्यानं गेला होता. सख्खा मामाही लहानपणी तसाच गेलेला. पुस्तकातली आकृती माझ्या टेबलाशी नाक पुसत बसली होती.

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. तेव्हाची रीत अशी नव्हती. रोग्याला काही सांगायचं नाही, नातेवाइकांना बाहेर बोलावून कुजबुजायचं, आणि कॅन्सर हा शब्द तर डॉक्टरसुद्धा ‘तसलं काही’ म्हणून उच्चारायचे. पण याला सांगणं भाग होतं. अशा माणसांना जंतुसंसर्ग तर सारखे होतातच. त्याशिवाय काही कॅन्सर, विशेषतः रसग्रंथींचे आणि पोटाचे, इतरांपेक्षा अधिक आढळतात. जंतू ओळखणारी यंत्रणा बिघडलेल्या पेशींवरही नजर ठेवत असावी, असा तेव्हा तर्क होता. नेमकं का, ते कुणालाच पुरतं ठाऊक नव्हतं, आणि मला तर नव्हतंच. अधिक म्हणजे सगळ्यांना होतोच असं नव्हे, हे मी दोनदा बजावलं.

त्यानं नाक पुसून रुमालाची घडी घातली. मग म्हणाला, “म्हंजी बाई, दुकानाला राखणदारच न्हाय. उंदीरबी येनार आनि चोरबी.”

“उंदरांसाठी इंजेक्शनं आहेत,” मी म्हटलं. “चोरासाठी आपण लक्ष ठेवायचं.”

“ठेवू की. पण हे अव्वाला सांगायचं न्हाय. तिच्याकडनं आलंय म्हटल्यावर ती अन्न सोडंल.”

त्याच्या आईला काही कळू द्यायचं नाही, हे मी कबूल केलं.

इंजेक्शनं मुंबईहून बर्फात घालून यायची. औषध दाट, सुई जाड आणि जागा बसण्याची. भुसार व्यापारी गादीवर बसून धंदा करतो. इंजेक्शनच्या दिवशी मल्लिनाथ उभ्यानं करायचा. मालक उभा आहे म्हणजे घाईत आहे असं समजून गिऱ्हाईक भावात घासाघीस कमी करायचं. “बाई, दुखतंय लई, पण धंद्याला बरं हाय,” असं त्याचं मत पडलं. न्यूमोनिया मात्र खरोखरच कमी झाले.

चोरावर लक्ष ठेवायचं म्हणजे काय, तर आठवड्यातून एकदा मान, काख आणि जांघ बोटांनी चाचपायची. अशा माणसाच्या अंगात रसग्रंथी मुळात नावापुरत्याच असतात. तेव्हा हाताला काही लागलं तर ते काहीतरी आहेच, असं धरायचं. मल्लिनाथला स्वतःची मान चाचपता येईना. त्याला तिथे रोज नव्या गाठी सापडायच्या. एकदा तर तो स्वतःचा कंठमणीच घेऊन धावत आला होता.

पंच्याहत्तर साली त्याचं लग्न ठरलं. मुलगी अक्कलकोटकडची, गिरिजा. लग्नाआधी त्यानं तिला सगळं सांगितलं का, हे विचारायचा मला अधिकार नव्हता, म्हणून मी लगेच विचारलं.

“सांगितलं की. कानडीत सांगितलं, म्हंजी नीट कळावं.”

“काय म्हणाली?”

“म्हनाली, खोकला तर माझ्या बापालाबी हाय. आनि गाठ कशी बघायची तेवढं त्या बाईंकडनं शिकून घ्यावं लागंल.”

लग्नानंतर खरंच ती शिकायला आली. शिकवायला एक गळा हवा होता, तो नरसय्याचा मिळाला. नरसय्याला गुदगुल्या फार. तो स्टुलावर डोळे मिटून बसायचा आणि गिरिजाचं बोट गळपट्टीच्या हाडाशी पोचलं की तेलुगूत देवाचं नाव घ्यायचा. मुलीची बोटं हुशार होती. तिनं वार ठरवला सोमवार. सोमवारी मल्लिनाथ सावकाश पूजा करायचा. गळ्यातलं इष्टलिंग त्या वेळी दोऱ्यासकट तळहातावर घेतलेलं असायचं, मान मोकळी असायची. पूजा आटोपली की गिरिजा त्याला खिडकीच्या उजेडात बसवून चाचपायची.

दोन वर्षं हे सुरळीत चाललं. मग एका दुपारी जिना चढून मल्लिनाथची आई आली. गंगव्वा. ठेंगणी, कपाळभर विभूती, आवाज बाजारपेठेचा. तिनं आधी नरसय्याला बाहेर काढलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

“डॉक्टरीणबाई, तुमी शिकल्याल्या. एक सांगा मला. आमची सून दर सोमवारी पोराचा गळा दाबतीया.”

“दाबते?”

“माज्या डोळ्यांनी बगितलं की! पूजा झाली की खिडकीपाशी बसिवती, दोन्ही हातांनी गळा चाचपती, काखंत हात घालती. खिडकी उगडी! समोरच्या बायका काय म्हनतील?”

मी वचनात अडकलेली. म्हटलं, “अहो, नवीन लग्न आहे, चालायचंच.”

“दोन वरसं झाली की लग्नाला! दोन वरसांनी कोन नवऱ्याच्या काखंत हात घालतंय ओ?”

हा मुद्दा बिनतोड होता. मी काहीतरी पुटपुटले, मालिश म्हणाले बहुतेक. ती माझ्याकडे बघत राहिली. मग एकदम तिचा आवाज खाली आला.

“गाठ बगतीया न्हवं?”

मी म्हटलं, “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“मला कोन सांगतंय? माजा धाकटा भाऊ असाच. नाक व्हायचं, कान फुटायचा, छाती भरायची. धा वरसांचा झाला आनि गेला. माज्या आईनं माती दिली त्याला. माजा थोरला बी तसाच. त्याला मी माती दिली. सासरी कुनाला न्हाय असलं. माज्या म्हायेरचं हाय हे. माज्याकडनं आलंय न्हवं?”

मी डॉक्टरी सुरात सुरुवात केली. म्हटलं, असं कुणी ठरवून पाठवत नसतं, त्यात कुणाचा दोष नसतो...

“त्ये ऱ्हाऊ द्या. व्हय का न्हाय, तेवडं सांगा.”

“व्हय,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली. रडली नाही. एवढी वर्षं एकटीनं धरून ठेवलेलं कुणीतरी खरं म्हटल्यावर माणूस जसा सैल होतो, तशी खुर्चीत मागे टेकली. मला मात्र भडभडून आलं, आणि ते लपवायला मी उगाच सूक्ष्मदर्शकात डोकं घातलं. खाली बघायची काच लावलेलीच नव्हती.

“एवडा तरी माज्या मागं ऱ्हाऊ दे, बाई,” ती म्हणाली. “मला त्यानं माती द्यावी. उलटं आता न्हाय व्हायचं.” मग पदर खोचून उठली. “चला, मला बी शिकवा. सुनंचे हात अजून कवळे हायत. मी तीस वरसं ज्वारी निवडतीया.”

नरसय्याला पुन्हा आत बोलावलं. गंगव्वाची बोटं सुनेच्या चौपट जोराची. त्या दिवशी त्यानं देवाचं नाव घेतलं नाही, नुसतं “मॅडम” म्हणत राहिला.

पुढच्या महिन्यात मल्लिनाथ तक्रार घेऊन आला. “बाई, हे काय करून ठेवलं? आदी मला एक पोलीस होता, आता दोन झाले. सकाळी शंकराची पूजा, मग माझ्या गळ्याची. अव्वा म्हनते गिरिजा नीट बघत न्हाय, गिरिजा म्हनते अव्वा चामडी सोलते.” आईला सगळं ठाऊक आहे हे कळल्यावर तो घरी काय बोलला, ते त्यानं सांगितलं नाही. पण चेहरा हलका दिसत होता.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका सोमवारी तिघंही आले. मल्लिनाथ मधे, दोन बाजूंना दोघी, आरोपीला आणावं तसा. गंगव्वानं पदराची गाठ सोडली आणि माझ्या टेबलावर दोन दाणे ठेवले. एक ज्वारीचा, एक तुरीचा.

“ही दोन सोमवारांमागची,” ज्वारीच्या दाण्याला बोट लावून ती म्हणाली. “आनि ही आजची.”

गिरिजा हळूच म्हणाली, “मागच्या खेपेला मला लागली नव्हती. आता लागतीया.”

मी बघितली. डाव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडावर, जिथे इष्टलिंगाचा दोरा टेकतो तिथे. घट्ट, न दुखणारी. तूरच होती. मल्लिनाथ काहीतरी विनोद करायला गेला, पण त्याला तो जमला नाही.

आमच्याकडे गळ्यात गाठ म्हणजे टीबी. सोलापुरात हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक होतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असायचं. म्हणून वहिवाट अशी, की गाठ दिसली की कापायची नाही. टीबीची इंजेक्शनं सुरू करायची आणि तीन महिन्यांनी बघायचं. मी ज्या सर्जनकडे या तिघांना घेऊन गेले त्यांनी तेच सांगितलं. माणूस भला, हात सोन्याचा, पण मला चिडवण्याची संधी सोडायचा नाही.

“बाई, तुम्हाला पेढ्यातसुद्धा कॅन्सर दिसतो. थोडा धीर धरा की.”

मी त्यांना त्या कोऱ्या पट्टीबद्दल सांगितलं. म्हटलं, या माणसाच्या गळ्यात चांगल्या ग्रंथीसुद्धा सापडत नाहीत, मग ही एवढी कुठून उगवली? तीन महिने थांबायला दुसरा कुणी असता तर मीही थांबले असते. ते ऐकत होते. तेवढ्यात गंगव्वानं तिचे दाणे त्यांच्या टेबलावर मांडले. आता त्यांत हरभऱ्याचा एक दाणाही होता.

“डाक्टर, ही ज्वारी, ही तूर. हरभरा व्हईस्तोवर थांबायचं म्हनता का तुमी?”

सर्जन दाण्यांकडे बघून हसले, मग हसायचे थांबले. “उद्या सकाळी उपाशीपोटी आणा,” म्हणाले.

काढलेली गाठ माझ्याकडे आली. ती औषधात मुरवायची, मेणात बसवायची, मग तिचे पापुद्र्यासारखे पातळ काप काढून काचेवर रंगवायचे. स्वयंपाकापेक्षा फार वेगळं काम नाही, फक्त चव घ्यायची नसते. एरवी त्या वेळात मी आणि नरसय्या खूप भांडायचो. त्या दिवसांत भांडलो नाही. काच तयार झाली तेव्हा त्यानं ती माझ्यापुढे ठेवली आणि तो बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला.

ग्रंथीची मूळची घडण कुठे राहिलीच नव्हती. मोठमोठ्या, वेड्यावाकड्या पेशींनी सगळी जागा व्यापली होती. लिम्फोमा. रसग्रंथींचा कॅन्सर. मी काच काढून दुसरी लावली, तिसरी लावली. माझ्या धंद्यात बरोबर ठरल्याचा आनंद फार वेळा वाईट असतो, पण इतका वाईट कधी नव्हता. मेणाचा ठोकळा मुंबईला तज्ज्ञांकडे धाडला, वाटलं, माझं चुकलं असं कुणी कळवावं. त्यांनीही तेच कळवलं.

गंगव्वा आली. खुर्ची ओढली नाही, उभीच राहिली. “व्हय का न्हाय?”

“व्हय. पण एकाच जागी आहे, गंगव्वा. लहान आहे. मुंबईला लाईट देतात, किरणांचा शेक, त्यानं जळून जाईल असं सगळ्यांना वाटतं.”

“तुमाला वाटतं का?”

“मला वाटतं,” मी म्हटलं. ते खरं होतं, आणि भीतीही वाटत होती, तीही मी सांगितली. तिला खोटं सांगून उपयोग नसायचा.

मल्लिनाथ आणि गिरिजा मुंबईला गेले. दुकान गंगव्वानं चालवलं. तिच्याशी घासाघीस करायची कुणाची छाती झाली नाही. पण सोमवारी पूजेनंतर तिचे हात रिकामे राहायचे. पहिल्या सोमवारी ती माझ्याकडे आली आणि नरसय्याला म्हणाली, “बस रं तितं.” सवय मोडायला नको म्हणे. नरसय्या मुकाट्यानं स्टुलावर बसला. तिनं त्याची मान, काख नीट, पद्धतशीर चाचपली आणि “काय न्हाय” म्हणून खाली गेली. पोरगा मुंबईत होता तोवर दर सोमवारी हे चाललं. नरसय्याच्या गुदगुल्या कुठे गेल्या होत्या कोण जाणे. एकदा ती जिना उतरल्यावर तो मला म्हणाला, “मॅडम, माझी आई लहानपनी गेली. मला काय, बसायला बरं वाटतंय.”

मल्लिनाथ परत आला तो आणखी वाळलेला, डाव्या मानेची कातडी काळवंडलेली, मानेवरचे केस गेलेले. “अर्धी हजामत तिकडंच उरकली, बाई,” जिन्यातूनच ओरडला. त्याचा आवाज ऐकून खालचं पितळ ठोकणारंही कुणीतरी थांबलं. गाठ पुन्हा आली नाही. वाचक विचारतील म्हणून सांगून टाकते: तो पुढे बरीच वर्षं होता. खोकायचा, इंजेक्शनं घ्यायचा, उभ्यानं ज्वारी विकायचा. शेवटी छातीनंच त्याला नेलं, पण ते फार पुढचं. त्याच्यासारख्या आणखी दोघांना मी नंतरच्या काळात ओळखू शकले, आणि दोघांच्याही बाबतीत उशीर झालेला होता. त्यांच्या घरी दर सोमवारी मानेवर हात फिरवणारं कुणी नव्हतं. मला आधी कळलं असतं तर मी कुणालातरी शिकवून पाठवलं असतं. ही हळहळ अजून जात नाही.

तो मुंबईहून आल्यानंतरच्या वर्षीची, एकोणऐंशीच्या थंडीतली गोष्ट. मल्लिनाथ सकाळी सकाळी आला. गर्दी होती, बाकावर मोडनिंबकडची पाच-सहा माणसं बाटल्या मांडीवर घेऊन बसली होती. तो त्यांच्यातच टेकला. विनोद नाही, काही नाही. मीच जवळ गेले.

“बाई, अव्वा गेली.”

रात्री जेवून निजली होती, सकाळी उठली नाही. दुखणं नाही, खुपणं नाही. मी बोलायचं ते बोलले. त्यानं रुमालानं नाक पुसलं. ते रडणं होतं की नेहमीची सर्दी, त्याच्या बाबतीत कधी सांगता यायचं नाही.

“आमच्यात बसवून पुरतात,” तो म्हणाला. “खड्ड्यात उतरून मीच बसविलो तिला. सगळे म्हनत होते, तुझी छाती अशी, तू धुळीत उतरू नगो. मी ऐकलो न्हाय.” मग माझ्याकडे वर बघून हळूच म्हणाला, “माती मी दिली, बाई.”

एखादी बाई गेल्याची बातमी ऐकून डॉक्टरला आनंद व्हावा, हे काही बरं नव्हे. पण मला झाला. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, तर तोही तसाच लाजल्यासारखा बसला होता.